मुंबई ही जोडप्याने दोन दिवस काढण्याची जागा नव्हे, असे कोणी ठरवले?

सोलापूरची लेक

काल या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की, जोडप्याने दोन दिवसांच्या सुट्टीसाठी मुंबईला जाणे म्हणजे पैसे मोजून गर्दीत उभे राहणे होय, त्यापेक्षा अलिबाग गाठावे. हे वाचून गप्प बसवले नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरणाऱ्या आमच्यासारख्यांना मुंबई ठाऊक असते ती मंत्रालयातल्या कामापुरती किंवा रुग्णालयातल्या तपासणीपुरती. यंदा मी आणि माझे यजमान केवळ एकमेकांसोबत राहण्यासाठी तेथे गेलो. फोर्टमध्ये साधी खोली घेतली आणि सगळीकडे पायीच फिरलो. ओव्हल मैदानात उभे राहिले की एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग दिसते. या साऱ्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथून मरीन ड्राइव्ह जवळच आहे. त्या कठड्यावर रात्री उशिरापर्यंत बसलो. तिकीट नाही, काही मागवण्याची सक्ती नाही आणि उठा म्हणणारेही कोणी नाही. सोलापुरात तळ्याकाठी दहा मिनिटे बसलो तरी ओळखीचे कोणीतरी भेटते आणि घरच्यांची चौकशी सुरू होते. एवढा मोकळेपणा कोणत्या रिसॉर्टमध्ये मिळतो, ते मूळ लेखकांनी सांगावे.

मांडव्याचा धक्का

ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. दक्षिण मुंबईत स्वच्छ खोलीसाठी जे भाडे पडते, त्यात अलिबागजवळ अंगणासह घर मिळते, आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला पोहोचायला तासभर पुरतो. आपण हवेविषयी एक शब्दही लिहिला नाही. मे महिन्यात दुपारी ओव्हलवर उभे राहून दाखवावे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवार-सोमवार जोडून आलेल्यांचा बेत फसतो. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. आणि डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाच्या नौकेची धडक बसून झालेला अपघात मी विसरू शकत नाही. चालण्याचे कौतुक मलाही आहे, परंतु सुट्टी विश्रांतीसाठी असते.

गिरगाव, तिसरा मजला

हवा आणि भाडे हे मुद्दे बाजूला ठेवावेत. पहिल्या लेखातील ‘उठा म्हणणारे कोणी नाही’ या वाक्याने मला संताप आला. ताई, तुम्हाला कोणी उठवले नाही, कारण तुमच्या गळ्यात मंगळसूत्र होते. आमचे लग्न ठरण्यापूर्वी त्याच कठड्यावर आम्हाला गणवेशातल्या माणसाने घरचा फोन नंबर मागितला होता. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसे राहत असताना दोघांनी बोलायचे कोठे, हा प्रश्न मुंबईकराला आयुष्यभर पुरतो. लग्नानंतरही तो सुटला नाही. वाढदिवसाला एक रात्र हॉटेलात राहावे म्हणून गेलो, तर आधार कार्डावर मुंबईचा पत्ता पाहून खोली नाकारली. हे शहर पाहुण्यांना मोकळीक देते आणि स्वतःच्या माणसांना देत नाही.

बोरिवलीतील एक आजोबा

गिरगावकरांचे दुःख मान्य आहे, पण रहिवाशांनाही बाजू असते. आमच्या खिडकीखालच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी जे चालते, ते नातवंडांसमोर पाहावत नाही. २०२१ मध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीसमोर रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असे रंगवले गेले, तेव्हा सगळ्यांनी हसून घेतले; तेथे राहणाऱ्यांना काय वाटत होते, याचा विचार फार थोड्यांनी केला.

गिरगाव, तिसरा मजला

आजोबा, नातवंडांनी दोन माणसांना प्रेमाने बसलेले पाहिले तर नेमके काय बिघडते? त्याच रस्त्यावर कोणी पत्नीच्या कानशिलात मारली असती, तर आपण खिडकी लावून घेतली असती आणि त्याला घरगुती मामला म्हटले असते. मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही आणि यापुढेही येणार नाही.

लॉजचा हिशेबनीस

मी बरीच वर्षे दादर भागातल्या लॉजच्या काउंटरवर काढली आहेत, म्हणून लिहितो. स्थानिक पत्त्याच्या पाहुण्याला खोली देऊ नये असा कायदा नाही. अविवाहित सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नसल्याचे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मालक नाही म्हणतो, कारण त्याला भीती असते. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा येथील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचे कलम लावून त्यांच्याकडून प्रत्येकी १२०० रुपये दंड घेतला. बंद खोली सार्वजनिक कशी ठरली, हे मला आजही समजलेले नाही. त्या छाप्यांनंतर आमच्या मालकांनी स्थानिक ओळखपत्र घेणे कायमचे बंद केले. ज्या जोडप्यांना मी परत पाठवले, त्यांत पन्नाशी उलटलेलीही होती.

सोलापूरची लेक

मंगळसूत्राचा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करते, कारण त्या रात्री कठड्याच्या पुढच्या टोकाला बसलेल्या एका तरुण जोडप्याला गस्तीवरच्या माणसाने हटकले होते आणि आम्ही ते पाहिले होते. परंतु यावरून मुंबईला जाऊ नये हे सिद्ध होत नाही. उलट अधिक जोडप्यांनी जावे आणि कठड्यावर उघडपणे बसावे. रिकामा कठडा हटकणाऱ्यांनाच सोयीचा असतो.

मांडव्याचा धक्का

मूळ प्रश्न सुट्टीचा होता, तो येथे कोणालाच आठवत नाही. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे विमानतळावरून थेट सीएसएमटी गाठता येते, एवढी सुधारणा मी मान्य करतो. जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पत्नीने आग्रह धरला तर एक रात्र मुंबईत काढीन. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रो-रोचे तिकीट मात्र आधीच काढलेले असेल.

गिरगाव, तिसरा मजला

आपल्याला खोली मिळेल, कारण आपला पत्ता रायगडचा आहे. हिशेबनीसांना एक विनंती आहे: स्थानिक पत्ता चालतो अशा दोन-चार लॉजची नावे ठाऊक असतील, तर ती येथे उघडपणे लिहावीत.