बॉन्डपटांकडून बीटल्सकडे: सॅम मेंडिस यांचे आधी काय पाहावे?

सायंतारा (धागाकर्ती):
नमस्कार. सॅम मेंडिस यांचे 'स्कायफॉल' (२०१२) आणि 'स्पेक्टर' (२०१५) हे दोन्ही बॉन्डपट मी चित्रपटगृहात पाहिले आणि त्यांतला पहिला मला आजही अतिशय आवडतो. हेच दिग्दर्शक आता बीटल्सवर एक नव्हे, चार चित्रपट करत आहेत. एकेका सदस्याच्या नजरेतून सांगितलेले हे चित्रपट एप्रिल २०२८ मध्ये प्रदर्शित होणार असल्याचे जाहीर झाले आहे. पॉल मॅकार्टनींच्या भूमिकेत पॉल मेस्कल, जॉन लेननच्या हॅरिस डिकिन्सन, जॉर्ज हॅरिसनच्या जोसेफ क्विन आणि रिंगो स्टार यांच्या भूमिकेत बॅरी किओगन आहेत. हेरकथांच्या एवढ्या मोठ्या मालिकेतून हा दिग्दर्शक रॉक बँडच्या चरित्राकडे कसा पोहोचला, हे मला समजून घ्यायचे आहे. बीटल्सची गाजलेली गाणी मी ऐकली आहेत, पण त्यांचा इतिहास फारसा ठाऊक नाही. तोवर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय वगळले तरी चालेल, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पडद्यामागे:
बॉन्ड हा मेंडिस यांचा मूळ मुक्काम नव्हताच, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मुळात रंगभूमीचे. १९९० पासून २००२ पर्यंत त्यांनी लंडनच्या डॉनमार वेअरहाऊस या छोट्या नाट्यगृहाची कलात्मक धुरा सांभाळली, आणि 'अमेरिकन ब्युटी' (१९९९) या पहिल्याच चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. एका घरात, एका तुकडीत किंवा एका नात्यात अडकलेली माणसे एकमेकांना कशी घडवतात आणि कशी जखमी करतात, हा त्यांचा खरा विषय आहे. 'स्कायफॉल' आपल्याला हृद्य वाटतो तोही पाठलागांमुळे नव्हे. पोरका झालेला एक माणूस आणि त्याला कामावर धाडणारी, प्रसंगी त्याचा बळी द्यायलाही न कचरणारी वरिष्ठ स्त्री यांच्या नात्यामुळे तो तसा वाटतो, आणि शेवटची चकमक म्हणूनच बॉन्डच्या स्कॉटलंडमधल्या वडिलोपार्जित घरात घडते.

आपण 'जारहेड' (२००५) आधी पाहावा. आखाती युद्धावर गेलेले तरुण सैनिक त्यात लढाईची वाट पाहत वाळवंटात नुसते ताटकळत राहतात, आणि वीस-बावीस वर्षांची मुले एकत्र डांबली की त्यांच्यात कोणती मैत्री आणि कोणती तेढ निर्माण होते, हे त्यात फार प्रामाणिकपणे आले आहे. त्यानंतर '१९१७' (२०१९) चुकवू नये. आजोबांकडून ऐकलेल्या पहिल्या महायुद्धाच्या हकिकतींवर आधारलेला हा चित्रपट जणू सलग एकाच दृश्यात चित्रित केल्यासारखा दिसतो. 'स्पेक्टर'च्या आरंभी मेक्सिको सिटीतल्या मिरवणुकीत जो दीर्घ, अखंड भासणारा शॉट आहे, तो प्रयोग इथे पूर्ण चित्रपटभर पसरला आहे. नायकाला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. एकाच्या नजरेशी इतके बांधून घेणारा दिग्दर्शक पुढे चौघांच्या चार नजरा वेगवेगळ्या मांडायला निघतो, यात मला सरळ संगती दिसते. त्यांचाच 'अवे वी गो' हा चित्रपट तूर्त वगळला तरी चालेल.

सूरसंगत:
वरच्या प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, मात्र वेळ मर्यादित असेल तर माझा क्रम उलटा राहील: आधी बीटल्स, मग मेंडिस. पीटर जॅक्सन यांची 'गेट बॅक' (२०२१) ही तीन भागांची माहितीपट-मालिका पाहावी. ती जवळजवळ आठ तासांची आहे, पण जानेवारी १९६९ मधल्या तालमी, १० जानेवारीला जॉर्जने बँड सोडून निघून जाणे, त्याचे परतणे आणि ३० जानेवारीचे गच्चीवरचे वादन हे सारे मूळ चित्रणात पाहायला मिळते.

एकच घटना चार वेळा सांगण्यात काय हशील, अशी शंका येऊ शकते. त्यासाठी १९६८ चे ऋषिकेश आठवावे. महर्षी महेश योगींच्या आश्रमात चौघेही गेले, पण रिंगो सुमारे दहा दिवसांत परतले. तिथले जेवण त्यांना मानवत नव्हते आणि मुलांची आठवण येत होती. पॉल मार्चच्या अखेरीस निघाले. जॉन आणि जॉर्ज एप्रिलपर्यंत थांबले आणि महर्षींविषयीचे प्रवाद कानावर आल्यावर निघाले. जॉन कडवट झाले, तर जॉर्जची भारतीय अध्यात्मावरची निष्ठा आयुष्यभर टिकली. आश्रम एकच, पण कथा चार, आणि त्यांतली कोणतीही खोटी नाही. मला तरी या चौपदरी मांडणीचे समर्थन इथेच सापडते.

सायंतारा:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. इतर बँडवरचे चरित्रपटही पाहून ठेवावेत का? क्वीन या बँडवरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) मी पाहिला आहे आणि त्यातले मैफलीचे शेवटचे दृश्य सोडले तर तो मला घाईचा वाटला.

पडद्यामागे:
आपले निरीक्षण रास्त आहे. पंधरा वर्षांचे आयुष्य सव्वादोन तासांत कोंबले की प्रत्येक गाण्याला एकेक प्रसंग चिकटवण्याची पाळी येते. जॉय डिव्हिजन या बँडच्या गायकावरचा, अँटन कॉर्बाइन यांचा कृष्णधवल 'कंट्रोल' (२००७) मात्र जरूर पाहावा. या वाटेवर मेंडिस एकटे नाहीत, हेही इथे नोंदवतो. दिग्दर्शक डॅनी बॉईल २०१८ मध्ये बॉन्डपट सोडून बाहेर पडले आणि २०२२ मध्ये त्यांनी सेक्स पिस्टल्स या पंक बँडवर 'पिस्टल' ही मालिका केली.

सतारप्रेमी:
मुंबईचा उल्लेख राहून गेला म्हणून लिहितो. १९६६ मध्ये जॉर्ज पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी भारतात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम मुंबईत ताजमध्ये होता. जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. त्यात शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि आशिष खाँ यांचे सरोद आहे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचा सगळा वाद्यमेळ भारतीय वादकांकडून वाजवून घेतला गेला. त्यावरचे गायन नंतर लंडनमध्ये झाले आणि मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झाले. जॉर्जच्या नजरेतला चित्रपट पाहण्याआधी हे गाणे आणि मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' (२०११) हा माहितीपट, या दोन गोष्टी आपल्या यादीत जरूर असाव्यात.