शाळा उघडली, पण झोपेचं गणित काही जमून नाही राहिलं

टाचणवाली, मानेवाडा
बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्याकडे विदर्भात उन्हापायी शेवटच्या आठवड्यात. म्हणजे आळस मुरायला आपल्याला जास्तीचा वेळ! माझी शाळा सकाळपाळीची, सातची घंटा. मे महिना माहेरी आर्वीला गेला. रात्री गच्चीवर बहिणींच्या गप्पा दीड-दोनपर्यंत, उन्हं आली की गादी गुंडाळून खाली कूलरपुढे दुसरी झोप.

आता पाचचा गजर लावते. रात्री दहालाच दिवा मालवते, पण बारापर्यंत नुसती कूस बदलणं. शाळेत पुस्तकवाटप, हजेरीपट, वार्षिक नियोजन, रोजच्या पाठांचं टाचण, सगळं एकदमच अंगावर. तिसऱ्या तासाला डोळे मिटायला लागतात. दुपारी घरी येऊन पडले की थेट चारला जाग, अन् रात्री पुन्हा तेच. तुम्ही लोक काय करता?

रात्रपाळीवाली सिस्टर
ताई, आधी दहाला आडवं होणं बंद करा. झोप बोलावून येत नाही. उठायची वेळ मात्र आपल्या हातात असते. पाच म्हणजे पाच, रविवारीही फार तर सहा. झोप आली की मगच अंथरुणावर जा, सुरुवातीला अकरा वाजले तरी वाजू द्या.

उठल्यावर चहाचा कप घेऊन गॅलरीत नाहीतर अंगणात जा. या दिवसांत नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत, अन् पलंगावर नाही, खुर्चीत. चारचा चहा सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन रात्री नऊ-दहापर्यंत अंगात असतं. रात्रपाळी संपली की आम्हालाही दरवेळी हेच करावं लागतं.

मिहानवाला
तुम्हाला सुट्टी तरी मिळते, बाप्पा! मी बर्डीहून मेट्रोत बसलो की झोपतो. खापरी शेवटचं स्टेशन, पुढं निघून जायची भीती नाही.

महालचे गुरुजी (निवृत्त)
सिस्टरबाईंचं खरं आहे, पण कामाचंही बघा. वार्षिक नियोजन पहिल्याच आठवड्यात कोणी वाचत नाही, हे मी मुख्याध्यापक राहिलेला माणूस सांगतो आहे. मुदत विचारून घ्या अन् रोज एकाच विषयाचं लिहा. हजेरीपट आधी, कारण तो रोज लागतो.

आणि पोरंही तुमच्यासारखीच पेंगत असतात हो. पहिले दोन-तीन दिवस तिसऱ्या तासाला गणित काढूच नका. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला लावा, कविता मोठ्यानं म्हणून घ्या. वर्गात आवाज असला की बाईंनाही झोप येत नाही.

टाचणवाली, मानेवाडा
गुरुजी, कव्हरांचं उद्याच करते. सिस्टर, उजेडाचंही पटलं. पण रात्री कूलर रात्रभर चालू असूनही अंग चिकचिकतं, उशी ओली होते. जाग येते ती त्यानंच. गच्चीवर तर आता पावसापायी जाता येत नाही.

महालचे गुरुजी (निवृत्त)
मग अर्धं दुखणं तिथंच आहे! कूलर पाण्याच्या वाफेवर गार करतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, हवा कोरडी, म्हणून तो झकास चालतो. पाऊस पडला की हवेतच ओल, पाणी उडणार कुठं? आता पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा. समोरची खिडकी उघडी असू द्या, म्हणजे हवा बाहेर निघते. टाकीतलं पाणीही काढून टाका, नाहीतर डासांची सोय होते.

मिहानवाला
गुरुजी, आमच्या कूलरचा पंप तर मेमध्येच बंद पडला होता!