मदत हवी आहे : एयूआरमधून बाधित पॅकेज आलंय का, कसं तपासू?

मंडळी, मी आर्च लिनक्स वापरतो आणि काही पॅकेजेस एयूआरमधून, म्हणजे वापरकर्त्यांनीच चढवलेल्या पॅकेजेसच्या साठ्यातून, घेतो. जुलै २०२५ मध्ये एयूआरवर फायरफॉक्स, लिब्रवुल्फ अशा ओळखीच्या ब्राउझरांच्या नावांआडून केऑस रॅट (दुरून मशीनचा ताबा घेणारं मालवेअर) घुसवलेलं सापडलं, तेव्हापासून धास्ती होतीच.

काल पॅकमनची (आर्चच्या पॅकेज मॅनेजरची) 'पॅकमन -क्यूएम' ही कमांड चालवून अधिकृत साठ्याबाहेरच्या पॅकेजेसची यादी काढली, ४१ निघाली. त्यातलं एक मध्यंतरी बेवारस होतं, म्हणजे त्याची देखभाल करणारं कुणी नव्हतं; ते कुणीतरी नव्यानं दत्तक घेतलंय. २०१८ मध्ये पीडीएफ वाचायच्या अ‍ॅक्रोरीडचंही असंच झालं होतं. गिटमधला त्या पॅकेजच्या बदलांचा इतिहास उघडला तर नवीन इन्स्टॉल फाइल, आणि तिच्यात एकच ओळ: कर्लने नेटवरून स्क्रिप्ट उतरवायची आणि थेट बॅशला चालवायला द्यायची. ही फाइल पॅकेज बसवताना रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालते. पोटात गोळाच आला.

लगेच नेट तोडलं. पॅकमनच्या लॉगमधून अपडेटची वेळ शोधली आणि त्यानंतर बदललेल्या सिस्टिमडी सर्व्हिसेस (आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम), क्रॉन (ठरल्या वेळी चालणारी कामं), ऑथराइज्ड कीज (एसएसएचने आत यायला परवानगी असलेल्या कीज) पाहिल्या. काही दिसलं नाही. पण रूट मिळालेला प्रोग्रॅम स्वतःला लपवू शकतो, म्हणून चैन पडत नाही. पासवर्ड आणि एसएसएच कीज दुसऱ्या मशीनवरून बदलतोय.

बसवलेल्या फाइली पॅकेजच्या नोंदींशी जुळतात का हे तपासणाऱ्या 'पॅकमन -क्यूकेके'वर इथे भरवसा ठेवावा का? पॅकेज माझ्याच मशीनवर बिल्ड झालं, फाइली ताडून पाहायचे चेकसमही तेव्हाच बनले, मग मुळात घाण असली तरी ते जुळणारच ना? लाइव्ह यूएसबीवरून डिस्क माउंट करून नेमकं काय बघू? की सरळ फॉरमॅट करू? तसं असेल तर होम फोल्डरमधून बॅशआरसी, ऑटोस्टार्ट यांखेरीज आणखी काय मागे ठेवायचं, तेही सांगा.