त्वचेतील लसीकावाहिन्या: पायाची सूज आता रात्रीतून का उतरत नाही?

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर)
नमस्कार. माझ्या आईने तीस वर्षे मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन विड्या वळल्या. तिच्या डाव्या पायावर संध्याकाळी येणारी सूज पूर्वी रात्रीच्या झोपेने उतरत असे. वर्षभरापासून ती सकाळीही तशीच असते. हृदय व मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आल्या असून डॉक्टरांनी लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवती साचणारे पाणी (लसीका) परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांत, दोष असल्याचे सांगितले. या वाहिन्या त्वचेत कोठून सुरू होतात आणि मागून ढकलणारे हृदय नसताना त्यांतील पाणी वर कसे चढते? शेजारच्या मावशी तेल लावून पाय जोरात रगडायला सांगतात, तसे करावे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, शरीरक्रियाशास्त्र)
ताई, पाय रगडू नका. त्याचे कारण या वाहिन्यांच्या रचनेतच आहे.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात लसीकावाहिन्या नसतात. त्याखालच्या थरात त्या एका टोकाला बंद असलेल्या बारीक नळ्यांच्या जाळ्यातून सुरू होतात. रक्तकेशिकांतून झिरपलेले पाणी आणि त्याबरोबर निसटलेली प्रथिने पेशींमधल्या जागेत येतात, आणि या मोठ्या प्रथिनांना रक्तात परतण्यासाठी हीच वाट असते. नळीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. शेजारच्या पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असून सदऱ्याच्या बटणांप्रमाणे ठरावीक ठिकाणीच जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन बटणांमधली कड आतल्या बाजूला उघडू शकते. शिवाय अतिशय बारीक तंतूंनी ही भिंत भोवतालच्या ऊतींशी बांधलेली असते. म्हणून भोवती पाणी साचून ऊती फुगल्या, की नळी चेपली जात नाही, उलट तंतूंच्या ओढीने ताणली जाऊन उघडते. आणि ती भरली, की आतल्या दाबाने त्याच कडा मिटतात. इतकी वर्षे शिकवूनही मला या योजनेचे नवल वाटते. इतक्या नाजूक भिंतीवर अंगठ्याचा जोर लावणे योग्य नाही.

या नळ्यांना स्वतःचा स्नायू नसतो. त्वचेखालच्या चरबीतील मोठ्या वाहिन्यांना तो असतो, आणि त्यांच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपाही असतात. दोन झडपांमधला प्रत्येक भाग आपसूक आकुंचन पावून द्रव पुढच्या भागात ढकलतो. घोट्याची हालचाल, चालणे आणि श्वासोच्छ्वास यांचा त्याला हातभार लागतो. आईंचा दोष बैठ्या कामामुळेच झाला, असे मात्र मी म्हणणार नाही. पुढे हा द्रव जांघेतील ग्रंथींतून गाळला जातो (पायाला जखम झाली की अवधाण येते, त्या याच ग्रंथी) आणि शेवटी मानेच्या बुडाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत मिसळतो.

उत्तर २ (परिचारिका)
सरांच्या उत्तरात एक भर घालते. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोग आढळतो. त्याचे कृमी याच वाहिन्यांत राहून त्यांना रुंद व निकामी करतात, म्हणून त्याची तपासणी करून घ्या. सूज जुनी असल्यास रात्री घेतलेल्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू न सापडण्याचीही शक्यता असते, हे डॉक्टरांशी बोला. घरी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून पाहा. ती उचलता येत नसेल, तर लसीकेच्या सुजेची शक्यता बळावते. उचलता आली, म्हणून दोष नाही असे मात्र ठरत नाही. पाय रोज साबणाने हळुवार धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, कारण साचलेल्या द्रवात जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो आणि प्रत्येक संसर्गाने वाहिन्या आणखी खराब होतात.

प्रश्नकर्ती
आत्ताच पाहिले. उजव्या पायाची कातडी चिमटीत येते, डाव्याची येत नाही. डाव्या पायाच्या शेवटच्या बेचकीत पांढरी, ओलसर भेगही दिसली, जी इतके दिवस आमच्या लक्षातच आली नव्हती. डॉक्टरांनी बोटांच्या बेचकीत सुई देऊन करायची एक तपासणी सुचवली आहे. सुई तिथेच का देतात?

उत्तर १
कारण वाहिन्यांचे जाळे तिथल्या त्वचेतच सुरू होते. त्यात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य जांघेपर्यंत किती वेळात पोहोचते आणि वाटेत कोठे अडते, ते कॅमेऱ्यावर दिसते. भेग मात्र त्याआधी दाखवून घ्या.