निम्म्या भाड्यात दुप्पट जागा म्हणे!

तीन_घरं_झाली:
पुण्यात खराडीला नोकरी लागलेल्या एका मुलाने भाड्याच्या घराचं विचारलं, तर पेठकरकाकांचं उत्तर: "कोथरूड परवडत नाही म्हणून रडू नका. वाघोलीला जा, निम्म्या भाड्यात दुप्पट जागा." राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आम्ही गेलो की वाघोलीला! टू बीएचके, भाडं 18,000. कोथरूडला 28,000 मागत होते. दहा हजार वाचले? थांबा. एक महिन्याचं भाडं दलालाला. अकरा महिने झाले की करार नवा, दलाल पुन्हा हजर. बायकोचं ऑफिस कर्वेनगरला. रामवाडीपर्यंत स्कूटर, मग मेट्रोने नळ स्टॉप, पुढे रिक्षा. आणि घर सोडताना मालकाने रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून 22,000 कापले. भिंतीवर काय होतं? लेकीची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या तीन रेघा.

पेठकर_मूळचा:
बायकोचं ऑफिस कर्वेनगरला असताना वाघोलीला कोण जातं हो?

माझा आंबेगावचा फ्लॅट भाड्याने असतो. मागच्या भाडेकरूने ओट्याखालच्या ट्रॉल्या बिजागऱ्यांसकट उपटल्या आणि नेमप्लेटसाठी नव्या दाराला चार भोकं पाडली. चार! मी पैसे कापले आणि पुढेही कापणार.

तीन_घरं_झाली:
माझं ऑफिस खराडीला आहे, म्हणून गेलो. आणि तुमच्या ट्रॉल्यांचा दंड माझ्या लेकीने भरायचा का?

टँकरग्रस्त:
रंग सोडा, पाण्याचं बोला. जून 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली, त्यात आमची वाघोली. आमच्या सोसायटीत पाणी अजून टँकरचंच. ग्रुपवर रोज सकाळी सव्वासहाला एकच मेसेज: 'टँकर लेट आहे, जपून वापरा.' तोवर अर्धी बिल्डिंग साबण लावून उभी. घर बघायला जाताना बेसिनचा नळ सोडून बघा, लोक फक्त मॉड्युलर किचन बघतात.

सूस_रोड:
+१. इकडेही तेच. मेंटेनन्स भाड्यात धरलाय म्हणाले, उन्हाळ्यात टँकरचे वेगळे मागितले.

पेठकर_मूळचा:
आम्हाला पेठेतही चोवीस तास येत नाही. बादल्या भरून ठेवतो. रडत नाही.

टँकरग्रस्त:
काका, तुमच्या बादलीत खडकवासल्याचं असतं. आमच्यात कुठल्या विहिरीचं असतं ते टँकरवाल्यालाच ठाऊक. गीझरचं कॉइल दीड वर्षात गेलं, आतून चुन्याचे खपले निघाले. मालक म्हणतो, तुम्ही वापरलंत, तुम्ही बदला.

पेठकर_मूळचा:
मग फ्लॅट स्वस्त का मिळतो, तेही कळलं असेल! जागा स्वस्त, पाणी महाग. कुठेतरी मोजावेच लागतात.

तीन_घरं_झाली:
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! निम्मं भाडं म्हणे.

करारवाली:
पाण्याच्या नादात मुद्दा राहिला. आमच्या सोसायटीने आम्हा भाडेकरूंकडून एनओसीचे (ना-हरकत पत्राचे) 5,000 घेतले, पावती नाही. 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे ना-वापर शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून. शिवाय 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. पेठकरकाका, तुमचा नोंदवलेला आहे ना?

पेठकर_मूळचा:
आहे! ऑनलाइन. अंगठ्याचं मशीन घरी आलं होतं. खर्च भाडेकरूने दिला, तशी रीतच आहे.

करारवाली:
रीत म्हणे. कायद्याने जबाबदारी तुमची, पाकीट त्याचं.

पेठकर_मूळचा:
बरं, पुढच्या वेळी निम्मा देईन. आणि पेन्सिलीच्या रेघांचे कापायला नको होते, तेवढं मान्य. ट्रॉल्यांचं मात्र मान्य नाही.

तीन_घरं_झाली:
उपकार झाले.

नवा_पुणेकर:
नमस्कार, मूळ प्रश्न माझा होता. एकटाच आहे, 15,000 पर्यंत. बॅचलर म्हटलं की फोन ठेवतात. कुणाकडे आहे का काही?

पेठकर_मूळचा:
आंबेगावचा माझा रिकामा आहे. व्हेज असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मध्ये दलाल नको.

नवा_पुणेकर:
काका, ऑफिस खराडीला आहे.

पेठकर_मूळचा:
स्वारगेटला मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला बदला, रामवाडीला उतरा. पुढे रिक्षा.

नवा_पुणेकर:
आणि अंडी?