डायव्हर्जिंग डायमंडमध्ये रॅम्पची रांग हायवेवर चढतेय, मदत हवी (तातडीचे)

रात्रपाळी_अभियंता:
हायवे आणि खालचा रस्ता जिथे भेटतात तिथला जुना क्लोव्हरलीफ (चार गोल लूपचा पूल) काढून डीडीआय बसवतोय (डायव्हर्जिंग डायमंड, खालच्या रस्त्याच्या दोन्ही दिशा पुलापाशी सिग्नलवर बाजू बदलतात आणि पलीकडे परत आपल्या बाजूला येतात). सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पची रांग २० मिनिटांत थेट हायवेवर जाते. सॉफ्टवेअर बदलू का? सोमवारी सादरीकरण आहे. प्लीज लवकर.

सावकाश_चालवा:
अहो, आकडे? ताशी किती गाड्या, रॅम्प केवढा, लेन किती, सिग्नल कितीचा? आणि धडधाकट क्लोव्हरलीफ मोडायचं कारण?

रात्रपाळी_अभियंता:
कारण नेहमीचंच. एका लूपवरून चढणारे आणि पुढच्या लूपला उतरणारे एकाच तुकड्यात एकमेकांना आडवे जातात. चढणारा वेग धरत असतो, उतरणारा सोडत असतो. अपघात तिथेच. बाकी सगळं नॉर्मल आहे.

सावकाश_चालवा:
"नॉर्मल" हा आकडा नसतो हो.

गोलगोल:
दोन्ही टोकांना राउंडअबाउट टाका, सिग्नलच नको. साध्या चौकात ३२ ठिकाणी वाटा एकमेकींना छेदतात किंवा मिळतात, राउंडअबाउटमध्ये फक्त ८.

पूलवाला:
ते ८ एका लेनच्या राउंडअबाउटचे. दोन लेन केल्या की वाढतात. प्रत्येक धाग्यावर तुमचं राउंडअबाउट कसं काय येतं?

गोलगोल:
कारण उत्तर तेच असतं.

जुनी_वही:
थोडं अवांतर. क्लोव्हरलीफचं पेटंट आर्थर हेल यांना १९१६ मध्ये मिळालं. डीडीआय फ्रान्समध्ये व्हर्सायला १९७० च्या दशकातच होता, अमेरिकेत पहिला २००९ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला झाला. तिकडच्या आकृत्या उजवीकडून चालणाऱ्यांच्या, तेव्हा आरशात धरून बघा.

स्पष्टच_बोलतो:
कसलाही पूल बांधा, लोक इंडिकेटर देत नाहीत तोवर व्यर्थ. लायसन्सची परीक्षाच कडक करा.

सावकाश_चालवा:
त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला. धागाकर्ते, आकडे?

रात्रपाळी_अभियंता:
उजवीकडे वळणारे ताशी ९००. रॅम्प १८० मीटर, एक लेन. सिग्नल १८० सेकंदांचा (लाल-हिरव्याची एक फेरी), त्यात रॅम्पला हिरवा ६०. शेजारच्या चौकाचा १८० आहे, त्याच्याशी जुळावा म्हणून तेवढाच ठेवला. सॉफ्टवेअरचं काय करू?

पूलवाला:
सॉफ्टवेअर बिचारं खरं सांगतंय. कागदावर मांडा. ताशी ९०० म्हणजे दर ४ सेकंदांना एक गाडी. लाल १२० सेकंद, म्हणजे ३० गाड्या. गाडीमागे ७ मीटर धरले तरी २१० मीटर. पहिल्याच लालला शेपूट हायवेवर! वर ६० सेकंदांच्या हिरव्यात एका लेनमधून, २ सेकंदांना एक धरून, ३० च सुटणार. फेरीत येतात ४५. दर फेरीला १५ शिल्लक.

सावकाश_चालवा:
+१. सिग्नल ९० चा करा. शेजारच्याच्या बरोबर निम्मा, त्यामुळे मेळ सुटत नाही. डीडीआयला दोनच फेज (हिरव्याच्या पाळ्या), छोटी फेरी झेपते. रॅम्पचं टोक दोन लेनचं करा. ३० सेकंद हिरव्यात ३० सुटतील, येतात २२-२३. लाल ६० सेकंद, १५ गाड्या दोन लेनमध्ये, म्हणजे ५५-६० मीटर. जड वाहनं धरून थोडं वाढेल. आणि खालच्या रस्त्यावर सरळ जाणारे किती, ते अजून सांगितलं नाहीत. डीडीआयमध्ये क्रॉसओव्हरला (बाजू बदलतात तिथे) दोन्ही बाजूंच्या सरळवाल्यांना एकदम हिरवा देता येत नाही.

गोलगोल:
राउंडअबाउटला फेजच नसते.

रात्रपाळी_अभियंता:
केलं. रॅम्पची रांग ७० मीटरच्या आत आली, दंडवत! सरळ जाणारे दोन्हीकडून भरपूर आहेत, मला वाटलं ते सगळ्यांना माहीतच असेल. आता त्यांची रांग शेजारच्या चौकाला भिडतेय. इथेच विचारू की नवा धागा काढू?

पूलवाला:
इथेच विचारा. पण आधी आकडे.