मदत हवी आहे: स्टॉकहोममधील कमी परिचित ठिकाणे (तातडीचे)

वाटसरू: नमस्कार. आम्ही सध्या स्टॉकहोममध्ये आहोत. वासा जहाजाचे संग्रहालय, राजवाडा आणि नोबेल संग्रहालय पाहून झाले आहे. परवा सकाळी निघायचे असल्याने, जिथे पर्यटकांची झुंबड नसते अशी तीन-चार ठिकाणे कृपया लगेच सुचवावीत. ‘गुगलवर शोधा’ असे उत्तर नको, कारण ते करून थकल्यावरच येथे लिहीत आहे.

निळावंती: मोंटेलिउसवेगन चुकवू नका. सोडरमाल्म बेटाच्या कड्यावरून जाणाऱ्या या पायवाटेवरून मेलारेन सरोवर आणि पलीकडचा सिटी हॉल समोरासमोर दिसतो. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास जाऊन बसा. आम्ही तर जूनमध्ये रोज जेवणाचा डबा घेऊन तिथेच जात असू.

देवदार: धागाकर्त्यांनी महिना सांगितलेला नाही, सोबत कोण आहे ते सांगितलेले नाही आणि किती चालता येईल तेही सांगितलेले नाही. हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला उपयोगी पडणार नाही.

वाटसरू: आम्ही आत्ता येथे आहोत असे लिहिले, म्हणजे डिसेंबरच. सोबत आई आहे, वय ७१. गुडघे दुखतात, पण बसत-उठत थोडे चालते.

देवदार: मग मोंटेलिउसवेगन नकोच. या दिवसांत दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो आणि गोठलेल्या चढावर पाय घसरण्याची भीती असते. त्याऐवजी मेट्रोची स्थानकेच पाहा. निळ्या मार्गावरील टी-सेंट्रालेनचा फलाट खडकातच कोरलेला असून, त्याच्या पांढऱ्या छतावर पेर ओलोफ उल्टवेट यांनी १९७५ मध्ये निळ्या वेली रंगवल्या. तिथेच, ज्या कामगारांनी हे स्थानक बांधले त्यांच्या आकृतीही काढलेल्या आहेत. माझे लक्ष दर वेळी आधी त्यांच्याकडे जाते. पुढे सोल्ना सेंट्रुम स्थानकात लाल आकाशाखाली हिरवे अरण्य रंगवलेले आहे. एक तिकीट ७५ मिनिटे चालते, वर-खाली जायला लिफ्ट आहे, आणि बाहेरच्या थंडीचा त्रासही नाही.

सागरगोटा: शहराच्या दक्षिणेला स्कुग्सशिर्कोगोर्देन आहे. आस्प्लुंड आणि लेवेरेंट्स या वास्तुकारांनी पाइनच्या जंगलात घडवलेली ही दफनभूमी १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अभिनेत्री ग्रेटा गार्बो यांची समाधीही तिथेच आहे.

निळावंती: सहलीला आलेल्या आईला स्मशानात न्यायचे का? मला हे मुळीच पटत नाही.

सागरगोटा: मी माझ्या सासूबाईंना नेले होते. आपल्याकडे स्मशान म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, तसे तिथे काही नाही. उंच झाडे, मोकळी टेकडी आणि कमालीची शांतता एवढेच आहे. तरीही आईंना विचारूनच ठरवावे, हे मान्य.

खारवा: मी म्हणेन, कोपनहेगनला जा. पिवळ्या विटांचे तिथले ग्रुंटविग चर्च पाहिल्यावर स्टॉकहोम विसराल.

देवदार: प्रश्न स्टॉकहोमचा आहे आणि हाती दीड दिवस आहे. वाटसरू, हामगाटानवरील हाल्विल संग्रहालय पाहा. विल्हेल्मिना फॉन हाल्विल यांनी चित्रांपासून स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत आपल्या याच घरातील प्रत्येक वस्तूची नोंद करवली, आणि ती सूची ७८ खंडांची झाली. १९३८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे घर आईंना नक्की आवडेल. निघण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ मात्र पाहून घ्या.

निळावंती: मग गामला स्तान या जुन्या शहरभागातला लोखंडी मुलगाही पाहा. राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागील अंगणात तो आहे, उंची जेमतेम १५ सेंटिमीटर. गुडघे पोटाशी घेऊन आकाशाकडे बघत बसलेला असतो. मूर्तिकार लिस एरिक्सन.

वाटसरू: आभारी आहे. आज राजवाड्याच्या बाजूने जाऊन मुलगा पाहिला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी आणि गळ्यात बोटाएवढा मफलर घातला होता. आईने वाकता येत नसतानाही एका हाताने भिंत धरून त्याची सरकलेली टोपी नीट केली. उद्या सकाळी हाल्विल आणि दुपारी मेट्रो. दफनभूमीचे आईला विचारले, तर ती म्हणाली, “झाडे आहेत ना? मग चल.” तिथे प्रवेशद्वारापासून टेकडीपर्यंत बसायला बाके आहेत का, एवढे कुणी सांगेल का?